जुन्या गाडीची वायर

पप्पांची खाकी कॅनव्हासची बॅग माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. मोटरसायकलच्या मागच्या सीटच्या एका बाजूला, दोन पट्ट्यांनी आवळून, ती कायम बांधलेली असायची. पप्पा सरकारी कचेरीत होते आणि त्यांचं काम फिरतीचं होतं. जळगाव, धुळे, मधली सगळी खेडी त्यांनी एकाच गाडीवर पालथी घातली. रस्त्यात एकदा जे बिघडलं, ते दुसऱ्या दिवशी त्या बॅगेत आलं. पारोळ्याजवळ टायर बसला म्हणून जादा ट्यूब. धरणगावच्या अलीकडे क्लच वायर तुटली म्हणून क्लच वायर, आणि क्लचची तुटते तर रेसचीही तुटेल म्हणून तीही. सोनगीरच्या पुढे पेट्रोल संपलं आणि भर उन्हात गाडी ढकलावी लागली, म्हणून बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात एक लिटरची ॲल्युमिनियमची बाटली.

लहानपणी मला या गोष्टी जेवताना ऐकायला मिळायच्या. इतर मुलींना राक्षसाच्या गोष्टी ठाऊक असतील, मला प्लगमध्ये कचरा अडकल्याच्या ठाऊक होत्या. बॅगेत काय काय आहे ते मी डोळे मिटून सांगू शकत होते, आणि प्रत्येक वस्तू कुठल्या गावाजवळ बॅगेत आली तेही.

मला ती बॅग आवडायची त्याचं कारण मात्र वेगळं होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला अनोळखी माणसांशी बोलता येत नाही. शाळा इंग्लिश मीडियमची. घरी बोलायची मराठी पुस्तकातल्यासारखी, आणि रस्त्यावर, बाजारात, बसस्टँडवर लोक बोलतात ती अहिराणी मला पूर्ण समजते पण तोंडातून निघत नाही. मी तोंड उघडलं की समोरचा क्षणभर थांबतो, मग स्वतःही जरा नीट मराठी बोलायला लागतो, आणि दोघंही अवघडतो. म्हणून मला त्या बॅगेतली प्रत्येक वस्तू म्हणजे न बोलावं लागणारं एक वाक्य वाटायची. पेट्रोलची बाटली असेल तर पंप कुठे आहे हे विचारावं लागत नाही. ट्यूब असेल तर कुणाची वाट बघावी लागत नाही. हेल्मेट घातलं की तसंही कुणी बोलत नाही. मोटरसायकल मला जमली ती बहुतेक यामुळेच.

दोन वर्षांपूर्वी पप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी जुनी गाडी विकली. पाठोपाठ नवी आणली, माझ्या नावावर. शोरूममधून गाडी घरी आली तेव्हा आईने नारळ फोडला, पप्पांनी माळ्यावरून बॅग काढली, झटकली आणि नव्या गाडीला बांधली. दोन्हींना हळदकुंकू लागलं.

दसऱ्याला आमच्याकडे गाडी धुवायची, हार घालायचा आणि बॅगेचीही पूजा करायची अशी पद्धत आहे. पप्पा बॅगेच्या दोन्ही बकलांना मिळून लाल नाडा बांधतात. तो नाडा मुद्दाम सोडायचा नाही. रस्त्यात बॅग उघडायची वेळ आली तर तोडायचा, नाही आली तर पुढच्या दसऱ्याला बदलायचा. वर्षभर नाडा तसाच राहिला की पप्पा खूश असायचे. नवी गाडी आल्यापासून दोन दसरे झाले आणि दोन्ही वेळा नाडा शाबूत होता. मी फार लांब गेलेच नव्हते.

या वर्षी कॉलेजच्या दोन मैत्रिणींनी डिसेंबरमध्ये कच्छला जायचं ठरवलं. तिघींच्या तीन गाड्या. मला जायचं होतं, आणि इतकं जायचं होतं की मी आठवडाभर घरी विषयच काढला नाही. शेवटी काढला तेव्हा पप्पा बराच वेळ पेपर बघत बसले.

"आधी एक फेरी मारून दाखव," ते म्हणाले. "जळगाव, धुळे, शिरपूर, चोपडा, धरणगाव, घरी. एका दिवसात. एकटी."

"आणि जमलं तर?"

"जमलं तर बघू. रस्त्यात अडलीस आणि फोन केलास तर मी येईन, काही बोलणार नाही. पण मग कच्छ नाही. तिथे फोन केलास तर मी येऊ शकणार नाही."

आई आतून म्हणाली, "ही असली कसली कंडिशन." पप्पा म्हणाले, "बॅग आहे ना तिच्याबरोबर."

सप्टेंबरातला रविवार होता. मी सकाळी सहाला निघाले. फेरी अडीचशे किलोमीटरच्या आसपासची. टाकी भरलेली, बाटली भरलेली. धुळ्यापर्यंत ट्रक सोडले तर काही नव्हतं. हायवेवर एका ठिकाणी चहा घेतला, तोही बोटाने दाखवून. शिरपूरला पोचले तेव्हा साडेदहा झाले होते. पप्पांना "शिरपूर" एवढाच मेसेज केला. त्यांचा अंगठा आला.

शिरपूरहून चोपड्याकडे निघालं की डावीकडे सातपुडा सोबत करतो. पाऊस बऱ्यापैकी झाला होता, डोंगर हिरवे होते, दोन्ही बाजूंना कापूस कमरेएवढा आला होता. मला आठवतं, मी तेव्हा कच्छचाच विचार करत होते. तिथे असं काहीच हिरवं नसेल. आणि त्याच वेळी उजव्या हातातली मूठ एकदम सैल झाली. पिळली तरी काही होईना. इंजिन चालू होतं, पण जागच्या जागी धडधडत होतं. मी गाडी बाजूला घेतली. रेसची वायर तुटली होती. मूठ पिळली की इंजिनाला पेट्रोल जास्त सोड असं सांगणारी ही वायर. ती नसली की गाडी नुसती श्वास घेते, चालत नाही.

मी घाबरले नाही, हे खरं आहे. मला थोडा आनंदच झाला. वायर कशी बदलायची ते मी पप्पांकडून अंगणात दोनदा शिकले होते, आणि बॅगेत वायर होती. मी कटरने नाडा तोडला.

वायर जुन्या प्लॅस्टिकच्या पाकिटात होती, अजून तेलकट. तिच्या टोकाला शिशाची छोटी गोळी असते, ती मुठीतल्या खाचेत बसते. ती बसेना. मी उलटी करून पाहिली, दुसरं टोक लावून पाहिलं. गोळी खाचेपेक्षा मोठी होती. मला वाटलं, माझंच काही चुकतंय. दहा मिनिटं मी तीच गोळी त्याच खाचेत दाबत होते. मग सहज म्हणून ट्यूब काढली. तिच्यावर छापलेला आकडा अठराचा. माझ्या टायरवर सतरा. प्लग काढला, त्याची आट्यांची बाजू माझ्या गाडीच्या प्लगपेक्षा जाड.

रस्त्याच्या कडेला, फडक्यावर, मी सगळ्या वस्तू मांडल्या आणि बघत बसले. बॅगेतलं सगळं जुन्या गाडीचं होतं. विकलेल्या गाडीचं. दोन वर्षं आम्ही बॅगेला हळदकुंकू लावत होतो, नाडा बांधत होतो, नाडा तुटला नाही म्हणून समाधान मानत होतो, आणि बॅग कुणी उघडली नव्हती. पप्पांनी नाही. मीही नाही, जिला प्रत्येक वस्तूची गोष्ट पाठ होती. या नव्या गाडीच्या कामाची अशी एकच वस्तू होती, बाटलीतलं पेट्रोल, आणि तेच मला नको होतं.

फोनला नेटवर्क होतं. मी पप्पांचा नंबर काढला. मनात हिशेब सोपा होता. फोन केला तर कच्छ नाही. नाही केला तर या रस्त्यावर कुणाला तरी हात करावा लागेल, थांबवावं लागेल, बोलावं लागेल. आणखी एक गोष्ट होती. फोन केला तर पप्पा विचारणार, बॅगेतली वायर का नाही लावली. मी फोन खिशात ठेवला. पण हातही केला नाही. चार-पाच गाड्या गेल्या, त्यांच्याकडे मी अशी बघत राहिले जणू डोंगर बघायला थांबले आहे.

हात न करताच एक मोटरसायकल थांबली. पुढे पांढरी टोपी घातलेले साठीचे गृहस्थ, मागे त्यांची बायको, मांडीवर बाजाराची पिशवी.

"काय व्हयनं बेटा? पेट्रोल सरी गयं का?"

"नाही आबा. पेट्रोल आहे. वायर तुटली."

"एकलीच शे?" मागून बाईंनी विचारलं.

"हो."

"कोठली?"

"जळगाव."

"देखा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "जयगावनी पोर एकली उनी आठे. आन मी बाजारले जावाले बी तुमले पुसस."

"पुसस कोठे तू? सांगस," आबा म्हणाले, आणि गाडीवरून उतरले. त्यांनी माझी मूठ पिळून पाहिली, फडक्यावरच्या वस्तूंकडे एक नजर टाकली. पुढे चार किलोमीटरवर एका नानांचं गॅरेज आहे, रविवारीही उघडं असतं, एवढं सांगितलं. "मी पाय लावस. तू नुसतं हँडल सरखं धर."

पाय लावणं म्हणजे काय ते मला माहीत होतं, रस्त्यावर रोज दिसतं. बंद गाडीच्या मागच्या फूटरेस्टवर चालू गाडीवाला आपला पाय ठेवतो आणि ढकलत नेतो. पुरुष एकमेकांना असं नेतात, हसत, शिव्या देत. मी कधी कुणा बाईला असं नेताना पाहिलं नव्हतं. आबांनाही बहुतेक तेच सुचलं, कारण ते गाडीवर बसून नुसतेच थांबले.

"थांबा," बाई म्हणाल्या; मनात मी त्यांना अक्का म्हणायला लागले होते. पिशवी घेऊन त्या खाली उतरल्या. "मी तिन्हा मागे बठस." आणि माझ्या उत्तराची वाट न बघता माझ्या गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसल्या. त्यांचे पाय डावीकडे, म्हणून उजवं फूटरेस्ट मोकळं. आबा उजवीकडून आले आणि त्यांनी चपलेतला डावा पाय तिथे टेकवला. ढकलायला आता एक माणूस जास्त झालं होतं.

आम्ही निघालो. इंजिन बंद असताना गाडी चालते तेव्हा किती शांत असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. शेजारच्या गाडीचा आवाज, आणि कानामागे अक्का.

"इतली मोठी थैली शे. काय भरेल शे तिन्हामा?"

"स्पेअर पार्ट."

"मंग वायर नही का?"

"आहे. पण या गाडीची नाही. जुन्या गाडीची आहे."

"जुनी गाडी कोठे शे?"

"विकली. दोन वर्षं झाली."

मग त्यांच्या हसण्याने सीट हलायला लागली. "आयका," त्या आबांना ओरडून म्हणाल्या, "देव्हारा आपला आन देव शेजारना." मला वाईट वाटायला हवं होतं. पण मीही हसले, हेल्मेटच्या आत, आणि हँडल डगमगलं.

त्या डगमगण्यात आबांचा पाय घसरून माझ्या पोटरीला लागला. त्यांनी लगेच डावा हात हँडलवरून काढून छातीला लावला, माणसाला पाय लागला की लावतात तसा. मला भीती वाटली की हे आता पडतात. पुढे खड्ड्यात पुन्हा पाय लागला, पुन्हा हात सुटला.

"हँडल धरा," अक्का म्हणाल्या. "पाया पडाना ते घर जाईसन पडा."

चार किलोमीटरमध्ये अक्कांनी मला सगळं विचारलं. मी काय शिकले, भाऊ किती, लग्न का नाही, आणि एकटी का फिरते. एरवी अशा प्रश्नांना मी "हो", "नाही", "बघू" अशी उत्तरं देते. तेव्हा तोंड समोर नव्हतं, वाऱ्यात आवाज मोठा करावा लागत होता, आणि पळून जायला जागा नव्हती. मी त्यांना कच्छचं सांगितलं. पप्पांची अटही सांगितली.

"मंग तू फोन नही करा?"

"नाही."

"आम्ही कोन सांगनार शेत," अक्का म्हणाल्या.

नानांचं गॅरेज म्हणजे बसथांब्याजवळ निंबाखाली एक टपरी होती. नाना चष्मा लावून एका पंपाची मोटर उघडून बसले होते. त्यांनी माझ्या हातातली वायर घेतली, पाकिटातून काढली, बोटांवरून फिरवली.

"हाई कोनी दिन्ही?"

"वडिलांनी. पण ती बसत नाही."

"गोळी बसाव नही. वायर काय करस?" ते म्हणाले. "एक नंबर वायर शे. आते आशी येत नही." त्यांनी पक्कडीने गोळी तोडली, आतली तार ओढून काढली, तिला ग्रीस लावलं आणि माझ्या गाडीच्या तुटलेल्या वायरीच्या बाहेरच्या नळीतून सुईत दोरा ओवावा तशी हळूहळू सरकवली. तार थोडी लांब झाली, ती कापली. टोकाला मोपेडची, स्क्रूने आवळायची गोळी बसवली. मूठ पिळून दाखवली. इंजिनाचा आवाज चढला आणि उतरला.

तुटलेली शिशाची गोळी ग्रीसमध्ये पडली होती. मी ती उचलून खिशात ठेवली. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

आबा निघायला लागले तर त्यांची गाडी दोनदा खोकली. त्यांनी खाली हात घालून कॉक फिरवला. रिझर्व्ह. माझ्या आणि अक्कांच्या वजनाला ढकलून त्यांचं पेट्रोल संपत आलं होतं, आणि त्यांचं गाव आतल्या रस्त्याला होतं, जिथे पंप नाही.

मी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून ॲल्युमिनियमची बाटली काढली.

"नको बेटा. तुले लागी."

"माझी टाकी अर्ध्यावर आहे. मला चोपड्याला पंप मिळेल." एवढं बोलून मी थांबले. ते अजून नको म्हणून हात हलवत होते. बाटली त्यांच्या हातात देत मी म्हणाले, "ल्या आबा. बठ्ठं ल्या."

सगळं घ्या, एवढाच अर्थ; आजोळच्या अंगणात ऐकलेले शब्द होते. कधी स्वतः बोललेले नव्हते. बोलल्यावर मलाच ऐकू आले. आबांना त्यात काही विशेष वाटलं नाही. ते फक्त म्हणाले, "मंग दे," आणि टाकीचं झाकण उघडलं. अक्का पेट्रोलच्या धारेकडे बघत होत्या. निघताना त्यांनी पिशवीतून मूठभर शेंगा काढून माझ्या जॅकेटच्या खिशात कोंबल्या.

साडेचारला मी घरी पोचले. पप्पा फाटकाशी झाडांना पाणी घालत होते. कुंडीतून पाणी खाली वाहून गेलं होतं, म्हणजे बराच वेळ घालत असावेत. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बॅगेकडे.

"नाडा?"

धरणगावपासून मी या प्रश्नाचा विचार करत आले होते. नाडा वाऱ्याने सुटला म्हणता आलं असतं. मी फोन केला नव्हता, एका दिवसात आले होते, अट पूर्ण होती. खरं सांगितलं तर बॅगेवरचा त्यांचा विश्वास जाईल, आणि बॅगेवरचा गेला की कच्छही जाईल, असं मला वाटत होतं. पण खोटं सांगितलं असतं तर तीच बॅग घेऊन मला रणात जावं लागलं असतं.

"रेसची वायर तुटली," मी म्हणाले. "बॅगेतली बसली नाही. बॅगेत सगळं जुन्या गाडीचं आहे, पप्पा."

त्यांनी नळ बंद केला. वाकून बॅगेची पट्टी सोडली, ट्यूब काढून तिच्यावरचा आकडा वाचला, जरा लांब धरून पुन्हा वाचला.

"फोन का नाही केलास?"

"तुम्हीच म्हणालात, केला तर कच्छ नाही."

"मी बॅग नीट आहे असं धरून म्हणालो होतो," ते म्हणाले. आणि काठी टेकत आत गेले. रात्री जेवताना मी सगळी गोष्ट सांगितली, पाय लावण्याची, अक्कांची, नानांची. आई दोनदा हसली. पप्पांनी फक्त एक विचारलं, तार जुन्या वायरीचीच घातली का. मी हो म्हणाले आणि खिशातली गोळी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांनी ती बोटाने फिरवून पाहिली.

सकाळी उठले तर व्हरांड्यात पेपर पसरलेला होता आणि त्यावर अख्खी बॅग रिकामी केलेली होती. प्रत्येक वस्तूशेजारी चिठ्ठी, पप्पांच्या अक्षरात. ट्यूब, सतरा. प्लग, नवा. क्लच वायर. फ्यूज. त्या दिवशी कच्छचा विषय निघाला नाही, पुढच्या दिवशीही नाही. मीही काढला नाही.

शनिवारी आम्ही स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. पप्पा बाहेर गाडीशी उभे राहिले, गुडघा दुखतो म्हणाले. आत मला जावं लागलं. एकेक वस्तू मागायची, बाहेर आणायची, गाडीला लावून बघायची, परत आत. दुकानदार तिसऱ्या खेपेला म्हणाला, "मॅडम, तुमच्याच गाडीचं आहे, पॅक कशाला फोडता?" मी म्हटलं, "फोडून बघू दे, दादा." आणि फोडलं. बाहेर पप्पा खाचेत गोळी बसताना वाकून बघायचे आणि मान हलवायचे.

दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला. पप्पांनी बॅगेतलं सगळं पाटावर मांडायला सांगितलं आणि प्रत्येक वस्तूला वेगळं हळदकुंकू लावलं. ट्यूबला, वायरींना, प्लगच्या पान्याला. बाटलीला लावलेलं कुंकू ॲल्युमिनियमवर टिकेना, ते त्यांनी दोनदा लावलं. मग मी वस्तू बॅगेत भरल्या आणि सवयीने नाड्यासाठी हात पुढे केला.

"राहू दे," ते म्हणाले. "उघडायला सोपी पाहिजे."

आणि कप्प्यातली बाटली काढून वजन केल्यासारखी धरली.

"तिकडे रणात पंप लांब लांब असतात म्हणे. ही एक पुरायची नाही. दोन ने."